आमच्याकडे चिवडा असाच करतात

२०२२ च्या दिवाळीला महाराष्ट्र सरकारने रेशन दुकानांतून ‘आनंदाचा शिधा’ द्यायला सुरुवात केली. शंभर रुपयांत चार जिन्नस: एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. ही यादी करताना मंत्रालयातल्या कुणीतरी नकळत एका जुन्या घरगुती वादाचा निकाल देऊन टाकला होता. दिवाळीच्या फराळात नेमकं कशावाचून अडतं? या चार जिनसांत रव्याचा लाडू होतो, डाळ दळून आणली तर शेव होते, थोडं तूप घरचं घातलं तर बेसनाचा लाडूही होतो. पण पोह्यांशिवाय चिवडा कसा करणार, आणि मैद्याशिवाय शंकरपाळे? पुढच्याच वर्षी, २०२३ च्या दिवाळीत, शिध्यात पोहे आणि मैदा आले. चिवड्याला सरकारी मान्यता मिळायला एक वर्ष लागलं.

घराघरांत ही मान्यता इतक्या सहज मिळत नाही. करंजीच्या सारणात खसखस घालायची की नाही, यावर लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी सासर आणि माहेर हे दोन पक्ष टिकून असतात. लाडवाला बेदाणा लावावा का, शंकरपाळे गोडच असावेत का, शेवेत ओवा की लसूण, फराळाला पहिला हात भाऊबीजेच्या किती आधी लावायचा, या प्रश्नांवर तडजोड क्वचितच होते. आणि वादाचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो: आमच्याकडे असंच करतात. त्यापुढे कुणी काही बोलत नाही.

चिवड्याचंच घ्या. पातळ पोह्यांचे लोक आणि भाजक्या पोह्यांचे लोक हे दोन मुख्य पंथ. पातळ पोह्यांवाले पोहे आधी उन्हात घालतात, मग मंद आचेवर हलक्या हाताने परततात. पोह्यांत ओल राहिली तर ते कढईत आक्रसतात आणि चिवडा दोन दिवसांत सादळतो, म्हणून एवढा खटाटोप. फोडणी वेगळी करायची, त्यात मिरची आणि कढीपत्ता पाणी उडून कुरकुरीत होईपर्यंत ठेवायचा, खोबऱ्याचे काप तांबूस करायचे, शेंगदाणे आणि डाळं घालायचं आणि मीठ-पिठीसाखर आच बंद केल्यावर. भाजक्या पोह्यांवाल्यांना यातली निम्मी कसरत वाचते, म्हणून पातळ पोह्यांवाले त्यांना आळशी समजतात. तिसरा पंथ जाडे पोहे तळून चिवडा करणाऱ्यांचा. तो खमंग होतो हे सगळे मान्य करतात आणि तेलकट होतो हेही सगळे सांगतात.

बेदाण्यांचा प्रश्न वेगळाच. काहींना चिवड्यात तोंडात येणारा गोड, चिवट बेदाणा हा मानाचा दाणा वाटतो. काही जण तो बोटाने बाजूला काढून बशीच्या काठाला लावून ठेवतात. गंमत अशी, की सांगलीच्या बेदाण्याला आणि सांगलीच्या हळदीला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या चिवड्यातला रंग आणि गोडवा दोन्ही एकाच जिल्ह्याच्या नावावर. त्याच सांगली-जयसिंगपूरकडच्या चुरमुऱ्यांच्या झणझणीत भडंगात मात्र बेदाण्याला कुणी विचारत नाही. तिथे लसूण आणि तिखट यांचं राज्य.

आता हे सगळं ‘मराठी दिवाळी’ म्हणून सांगितलं की गोव्याचा माणूस गालातल्या गालात हसतो. तिथे नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जळतो, अंघोळ होते, तुळशीसमोर कारीट पायाच्या अंगठ्याने फोडलं जातं आणि मग पानात येतात ते पोहे. कोकणीत फोव. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळ-खोबरं कालवलेले, फोडणीचे. एका घरी तीन प्रकार, दुसऱ्या घरी पाच. सिंधुदुर्गातही दिवाळीची सकाळ पोह्यांचीच असते, सोबत बहुधा काळ्या वाटाण्याची उसळ. याचं कारण शेतात आहे. दिवाळीच्या सुमारास कोकणात भात कापून घरी आलेलं असतं, नव्या भाताचे पोहे कांडले जातात आणि नारळ परसातलाच. चकली-चिवड्याचा भरगच्च डबा हा तिथे बराच नंतर आलेला पाहुणा आहे. करंजी मात्र तिथे जुनी. तिला नेवरी म्हणतात, आणि ती फक्त हिंदूंची नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या कुस्वारच्या ताटात दोदोल, बेबिंका, कुलकुल यांच्या शेजारी नेवऱ्या असतातच. धर्म बदलला, सण बदलला, सारणातलं खोबरं तेच राहिलं.

फराळाच्या डब्याला आणखी एक बाजू आहे, जिच्याबद्दल दिवाळीच्या लेखांत कमी बोललं जातं. साखर, मैदा, तूप, तळणीचं भरपूर तेल हे सगळं एकाच आठवड्यात विकत घेण्याची ऐपत महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या नव्हती. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ साली आलेलं पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याचा पट मांडतं. ते वाचल्यावर ‘आपले पारंपरिक पदार्थ’ असं म्हणताना ‘आपले’ म्हणजे नेमके कुणाचे, हे विचारावंसं वाटतं. नऊ पदार्थांचा फराळ ही मुळात मर्यादित घरांची रीत. ती सगळ्यांची झाली त्यात रेशनच्या साखरेचा, स्वस्त झालेल्या तेलाचा आणि शहरातल्या पगाराचा वाटा परंपरेपेक्षा कमी नाही. शंभर रुपयांच्या शिध्याकडे या नजरेने पाहिलं तर ती नुसती निवडणुकीची भेट राहत नाही. गावातल्या प्रत्येक घरात लाडू झालाच पाहिजे, ही अपेक्षा आता सरकारदरबारी पोहोचली आहे, असा त्याचा अर्थ.

मतं इतकी पक्की कशी झाली, याचं एक उत्तर पुस्तकांच्या कपाटात मिळतं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं, म्हणजे छापील पाककृतींची सवय मराठी घरांना शंभर वर्षांहून जुनी आहे. पण घराघरांत जाऊन बसली ती कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’, १९७० सालची. तिचं मोठं यश मापांत होतं. वाटी आणि चमचा. नव्या नवरीला, नोकरीच्या गावी एकट्याने बिऱ्हाड थाटलेल्याला, परदेशात निघालेल्या मुलीला ‘अंदाजाने’ हा शब्द कामाचा नव्हता. मात्र छापील मापांनी एक दुसरी गोष्टही केली. जी चकली चार गावांत चार तऱ्हांची होती, तिला एक प्रमाण मिळालं, आणि पुढच्या पिढीने तेच आजीचं म्हणून सांगायला सुरुवात केली.

चकलीच्या बाबतीत हे प्रमाण खरोखर लागतंच. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, कुठे मूगडाळ, धणे, जिरे हे वेगवेगळं भाजून दळलेली भाजणी. तिच्यात कडकडीत तेलाचं मोहन. आणि गरम पाण्यात भिजवलेलं पीठ. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरते, कमी झालं की दाताशी भांडते. आच मोठी ठेवली तर वरून लाल आणि आतून मऊ. तेलातले बुडबुडे बंद झाले की आतलं पाणी गेलं असं समजायचं आणि मग झारा घालायचा. हे पाळलं तर चकली कुणाच्याही हातची चांगली होते. ‘हाताला गुण असतो’ असं म्हणणाऱ्यांना हे आवडत नाही, पण बराचसा गुण मोहनाला असतो.

अनारसा मात्र खरोखरच हात पाहतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग निथळून फडक्यावर सावलीत पसरायचे आणि किंचित दमट असतानाच कुटायचे. पिठात गूळ किंवा साखर मिसळून गोळा चार-पाच दिवस मुरत ठेवायचा. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. सगळं जमलं तर जाळी पडते. नाही जमलं तर अनारसा ‘हसतो’, म्हणजे तुपात फुटून पसरतो आणि करणारीच्या डोळ्यांत पाणी येतं. गूळ जास्त, पीठ कमी मुरलेलं, तूप थंड अशी कारणं पुष्कळ, आणि नेमकं कोणतं हे सांगणाऱ्या बायका त्याहून पुष्कळ. म्हणून ‘आमच्याकडे अनारसे करत नाहीत’ हे वाक्य अनेक घरांत रीत म्हणून सांगितलं जातं. खरं कारण बहुधा एवढंच असतं, की दोन पिढ्यांपूर्वी कुणाचे तरी अनारसे हसले आणि तिने पुन्हा घाट घातला नाही.

अधिक महिन्यात मात्र सुटका नाही. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं ही रीत आजही अनेक घरांत आहे. २०२३ साली श्रावण अधिक आला तेव्हा शहरांतल्या दुकानांत तेहतीस अनारशांचे बांधलेले डबे तयार मिळत होते. जावई ते सगळे खातो की नाही हा प्रश्न वेगळा. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज आयसीएमआर-इंडियाब पाहणीने त्याच वर्षी मांडला होता, त्यामुळे तेहतीसातले बरेचसे शेजारी पोहोचतात.

लाडवांचं एका वाक्यात सांगायचं तर बेसनाचा टाळूला चिकटतो म्हणून भांडण आणि रव्याचा दगड होतो म्हणून भांडण. बेसन जाडसर दळलेलं असावं आणि साखर पीठ निवल्यावर घालावी; रव्याचा पाक एकतारीच्या पुढे जाऊ देऊ नये. बिनपाकाचा लाडू करणाऱ्यांना पाकवाले मोजत नाहीत, पण खाणारे बहुतेक वेळा बिनपाकाचाच उचलतात.

फराळाच्या वादांना थोडं बाजूला ठेवून उपासाकडे वळलं तर मतांचा हा कारखाना कसा चालतो ते आणखी स्पष्ट दिसतं. उपासाला हळद चालत नाही, जिरं चालतं. कोथिंबीर काही घरांत चालते, काही घरांत नाही, आणि एकमेकांच्या घरी खिचडी खाताना दोन्ही बाजू संशयाने बशीत पाहतात. यात गंमत ही, की बिनबोभाट चालणारी मंडळी बहुतेक सातासमुद्रापलीकडची. शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची आणि राजगिरा ही सगळी मूळची अमेरिका खंडातली पिकं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही ब्राझीलकडचा, आणि आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तामिळनाडूत सेलमच्या परिसरात तयार होतो. कोलंबसाच्या आधीच्या एकादशीला यातलं काहीही पानात असणं शक्य नव्हतं. जुनी ती वरी, म्हणजे भगर. नवरात्रात जुनाट, बुरशी लागलेलं भगरीचं पीठ खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. भगर आणून घरीच निवडून, धुऊन दळावी, सुट्टं पीठ घेऊ नये, हा सल्ला कोथिंबिरीच्या वादापेक्षा जास्त मोलाचा आहे. तो मात्र कुणी तितक्या हिरिरीने देत नाही.

घरी करायचं की विकत आणायचं, हा अलीकडचा सर्वांत मोठा प्रश्न. विकतच्या चकलीला ‘घरची सर’ नसते, असं म्हणणाऱ्याने ती कधी स्वतः पाडली आहे का, हे विचारायला हवं. देशभरातल्या वेळ-वापर पाहणीचे २०२४ सालचे आकडे पाहावेत: बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही साध्या दिवसांची सरासरी. दिवाळीच्या आठवड्यात रात्री अकराला सोऱ्या धुणारं कोण असतं, ते सांगायला पाहणीची गरज नाही. फराळाबद्दलची मतं घरातल्या सगळ्यांची असतात आणि हात एखाद-दोघींचे.

त्यामुळे विकतचा फराळ ही नात्यांची झीज झाल्याची खूण नाही. ती बऱ्याच वेळा दुसऱ्या बाईची मजुरी असते. दादर-गिरगावची जुनी दुकानं, बचत गटांचे स्टॉल, सोसायटीच्या तळमजल्यावर ऑर्डर घेणाऱ्या काकू, या सगळ्यांचा वर्षाचा मोठा हिशेब या एका महिन्यात जमतो. परदेशी जाणारी पार्सलं तर दिवाळीच्या महिनाभर आधीच निघतात, आणि त्यांत चकलीचा भुगा होऊ नये म्हणून घातलेल्या कागदाचंच वजन बरंच असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीला तयार चिवडा-शेवेला अर्थखात्याचाही थोडा हातभार लागला. तेलाचं गणित याच्या उलट. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यातलं बरंचसं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने आयातशुल्क वाढवलं आणि ऐन दिवाळीत तेलाचा डबा महाग झाला. ‘यंदा चकल्या कमीच करू’ असं त्या वर्षी ज्या घरांत ठरलं, तिथे कारण तब्येतीचं सांगितलं गेलं असेल, खरं कारण डब्याच्या भावात होतं.

तेलातुपाच्या वादाचा आणखी एक जुना पदर म्हणजे वनस्पती. डालडा बाजारात आला १९३७ साली, आणि पुढची कित्येक वर्षं चिरोटे आणि साट्याच्या करंज्या त्याच्याच जिवावर खुसखुशीत झाल्या. पाहुण्यांना सांगताना मात्र ‘साजूक तुपातलं’. आता ही थाप मारण्याची गरज तरी उरलेली नाही, आणि ट्रान्स फॅटचं प्रमाण जानेवारी २०२२ पासून कायद्यानेच दोन टक्क्यांवर आणलं आहे. एअर फ्रायरमधली चकली हा नवा वाद त्या जागी आला आहे. ती चांगली लागते, असं म्हणणाऱ्यांनी आधी तिला भाजलेली भाकरवडी समजून खावं. तळलेल्या चकलीशी तुलना केली की दोन्हींवर अन्याय होतो.

काही रिती अशा आहेत की ज्यांच्याबद्दल वाद होत नाही, आणि त्याच टिकाव्यात असं वाटतं. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं तिथे त्या दिवाळीला कढई चढत नाही. मग नात्यातले आणि शेजारचे आपापला डबा नेऊन देतात, फार न बोलता. त्या डब्यात चिवड्यात बेदाणे आहेत का हे कुणी पाहत नाही. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, हेही तसंच. ‘एवढंसं तरी घ्या’ म्हणून चौथ्या घरी चौथी करंजी वाढण्याची रीत मात्र निवृत्त करायला हरकत नाही. साखर वाढलेल्या पाहुण्याला शेवेची बशी पुढे केली तर अपमान होत नाही.

आणि मग उरतं ते तळणीचं तेल. ते फोडणीला वापरायचं की टाकून द्यायचं, यावरही घराघरांत दोन तट आहेत. व्यावसायिक तळणीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे: तेलातले एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद. घरी असं मोजण्याचं साधन नसतं, पण काळपट रंग, खवट वास, तापवल्यावर येणारा फेस आणि लवकर निघणारा धूर या खुणा पुरेशा आहेत. चांगलं राहिलेलं तेल गाळून, नव्या तेलात न मिसळता, काही दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावं. बिघडलेलं मोरीत ओतू नये, ते नळीत गोठून बसतं. तेल कमी खराब व्हावं यासाठी जुन्या सुगरणी तळणीचा क्रम पाळतात: आधी शंकरपाळे आणि करंज्या, मग चकली, आणि सगळ्यांत शेवटी शेव, कारण बेसनाचे कण तळाशी बसून जळतात आणि त्या तेलात नंतर काहीही तळलं तरी त्याला शेवेचाच वास येतो.